सागूच्या बनातली गावं

नमस्कार श्रोतेहो.

एकादशीच्या आदल्या रात्री आपल्याकडे घरोघरी साबुदाणा भिजत पडतो. हा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमहून येतो आणि तो टॅपिओका नावाच्या कंदापासून बनवतात. पण 'साबू' हा शब्द मूळचा मलय भाषेतल्या 'सागू'चा. सागू म्हणजे ताडाच्या कुळातलं एक झाड, दलदलीत वाढणारं. त्याच्या बुंध्यात पीठ साठतं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला, तेव्हा सेलमला टॅपिओकापासून तसेच दाणे करायला सुरुवात झाली. झाड मागे राहिलं, नाव आपल्या स्वयंपाकघरात टिकलं. आपल्याला जे नाव उपवासाला आठवतं, ते झाड ज्यांचं रोजचं अन्न आहे, त्या माणसांबद्दल आज बोलायचं आहे.

ही माणसं म्हणजे अस्मात जमातीचे लोक. त्यांचा प्रदेश कुठे? न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग इंडोनेशियात येतो, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. राजधानी जकार्ता इथून सुमारे ३,५०० किलोमीटर दूर. समुद्र, खारफुटी, नद्यांचं जाळं आणि चिखल. भरतीचं पाणी नद्यांमधून आत खूप लांबपर्यंत चढतं. या भागात दगड सापडत नाही. पूर्वी कुऱ्हाडीसाठी लागणारा दगडही डोंगराकडच्या लोकांकडून देवाणघेवाणीत यायचा. आपल्याकडे अडीअडचणीला तीन दगड मांडले की चूल होते. इथे खांबांवर उभ्या घरात, लाकडी तळावर चिखलाचा थर देऊन त्यावर विस्तव पेटवतात.

जिल्ह्याचं ठाणं आगाट्स. तेसुद्धा चिखलावर खांब रोवून उभं केलेलं. रस्ते म्हणजे फळ्यांचे आणि काँक्रीटचे उंच पूल, त्यांवरून विजेवर चालणाऱ्या मोटारसायकली धावतात. विमान उतरतं ते जवळच्या एवेरला, तिथून होडीनं आगाट्सला यायचं. आतल्या गावांना जायचं तर पुढेही होडीच, आणि तिच्या इंजिनाला लागणारं पेट्रोल तिथे फार महाग. शिवाय भरती-ओहोटीची वेळ सांभाळावी लागते. ओहोटीत लहान ओढे आटतात आणि होडी चिखलात बसते. एखाद्या आजारी पोराला घेऊन निघालेल्या आईला पाणी चढेपर्यंत थांबावंच लागतं. दुर्गम हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातलं हे थांबणं किती जड असेल, याचा मी पुन्हा पुन्हा विचार करतो.

आता सागूबद्दल सांगतो. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. फुलायच्या आधी त्याच्यात पीठ सर्वांत जास्त असतं, तोच क्षण ओळखून ते तोडायचं. पुरुष बहुधा झाड पाडतात, पण पुढचं कष्टाचं काम मुख्यतः बायकांचं. बुंध्याची साल काढायची, आतला मऊ गाभा लाकडी हत्यारानं कुटून भुसा करायचा, मग पानांच्या देठांची पन्हळ पाण्याकाठी मांडून त्यात तो पाण्यानं मळून मळून गाळायचा. पांढरं पाणी खाली साचतं, तळाशी पीठ बसतं. एका चांगल्या झाडातून दीड-दोनशे किलो पीठ मिळू शकतं. ओले गोळे पानांत बांधून होडीत घालायचे आणि घरी विस्तवावर भाजून खायचे.

हे पीठ पोट भरतं, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ती येतात मासे, खेकडे, कोळंबी यांच्यातून, आणि एका अळीतूनही. पाडलेल्या बुंध्याला भोकं पाडून तो तसाच सोडतात. भुंगे येऊन अंडी घालतात आणि काही आठवड्यांनी आतून जाड, पांढऱ्या अळ्या काढतात. अस्मातांच्या सणाचं ते मानाचं अन्न. ऐकताना कुणी नाक मुरडू नये. त्या झाडातून पिठाबरोबर प्रथिनंही कशी काढायची, हे शाळेबाहेरचं मोठं ज्ञान आहे.

हे ज्ञान असूनही २०१७च्या अखेरीस तिथे मुलं मरायला लागली. कारण होतं गोवर आणि त्याच्या जोडीला कुपोषण. २०१८च्या सुरुवातीपर्यंत ७०हून अधिक मुलं दगावली. शेकडो आजारी पडली. गोवराची लस जगात अर्धशतकाहून जुनी आहे, स्वस्त आहे. मग ती या मुलांपर्यंत का नव्हती? एक, लस २ ते ८ अंश तापमानात जपावी लागते, आणि वीज नसलेल्या गावात ती नेणं म्हणजे होडीत बर्फाची पेटी सांभाळत तासन्‌तास जाणं. दुसरं, कुटुंबं मुलाबाळांसह सागूच्या बनात आठवडेच्या आठवडे मुक्कामाला जातात. लसवाले गावात येतात तेव्हा गाव रिकामं असतं. आणि लस न मिळालेल्या, अंगात ताकद नसलेल्या मुलाला गोवर झाला की तो फुप्फुसांत उतरतो आणि न्यूमोनियानं जीव घेतो. माझ्या मते मात्र लस न पोचण्याचं मोठं कारण या दोन्हींच्या मुळाशी आहे: आरोग्यसेवा गावाच्या वेळापत्रकानं चालत नव्हती. बनात मुक्काम असतो हे तिथल्या प्रत्येक आजीला ठाऊक होतं. ते धरून फेऱ्या आखता आल्या असत्या.

जानेवारी २०१८मध्ये लष्कराची वैद्यकीय पथकं पोचली. फेब्रुवारीत इंडोनेशिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थी नेत्यानं तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो यांना भर समारंभात, फुटबॉलमध्ये ताकीद म्हणून दाखवतात तसं पिवळं कार्ड दाखवलं. त्याच्या तक्रारींत अस्मातची मुलं होती. एप्रिलमध्ये अध्यक्ष स्वतः आगाट्सला गेले. पण त्याआधी सरकारनं एक सूचना पुढे केली होती, की विखुरलेल्या वस्त्यांतल्या लोकांना शहराजवळ आणून वसवावं. सोयीनं बघितलं तर पटणारी सूचना. स्थानिक पुढाऱ्यांनी मात्र तिला नकार दिला, आणि मला तो रास्त वाटतो. सागूचं बन कुळाचं असतं. कुठलं झाड कुणाचं, हे वस्तीला माहीत असतं. त्या कुटुंबाला उचलून फळ्यांच्या रस्त्यावर आणलं, तर दवाखाना जवळ येईल, पण जेवण विकत घ्यावं लागेल. तांदूळ आणि झटपट शेवयांची पाकिटं आता गावागावात पोचलीच आहेत, आणि प्रथिनांचा प्रश्न त्यानं सुटलेला नाही.

अस्मातांची एक कथा आहे. फुमेरिपित्स नावाच्या पहिल्या पुरुषानं लाकडाच्या आकृत्या कोरल्या, मग ढोल करून वाजवला, आणि त्या आकृत्या हलू लागल्या, माणसं झाल्या. म्हणून तिथला कोरणारा हा नुसता कारागीर नसतो, त्याला मान असतो. तो 'बिस' नावाचे उंच स्तंभ कोरतो, खारफुटीच्या लाकडाचे, एकावर एक उभ्या माणसांचे. गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी ते उभारले जातात. सोहळा संपला की काय करायचं त्या स्तंभांचं? पूर्वापार रीत अशी, की ते सागूच्या बनात नेऊन टाकायचे. तिथे चिखलात लाकूड कुजतं आणि त्यातलं बळ झाडांना जातं, असं ते मानतात. त्याच झाडांचं पीठ मग कुणीतरी पन्हळीत मळतं, भाजतं आणि घरातल्या लहानग्याच्या हातात देतं.

नमस्कार.