घोरतोय, झोपू दे

(काळी फरशी. चिमटीतून मीठ पडतं. कॅमेरा अगदी जवळ.)

मोजा दाणे. दहा, फार तर पंधरा. एवढंच, म्हणजे सुमारे २ मिलिग्रॅम फेंटानिल सवय नसलेल्या माणसाचा श्वास बंद पाडू शकतं.

वेदना मारणारं हे औषध तसं जुनं. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास बनवलं. मॉर्फिनपेक्षा ५० ते १०० पट जोरकस. भुलीचे डॉक्टर ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. चोरून गोळ्या पाडणारा ते पिठासारखं ढवळतो, आणि चिवड्यातल्या शेंगदाण्यांसारखं होतं. एका मुठीत आठ, दुसरीत एकही नाही. एकाच पुडीतल्या दोन गोळ्या सारख्या नसतात.

अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ओव्हरडोसनं एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्यातल्या दर दहांपैकी जवळजवळ सात मृत्यूंत फेंटानिल किंवा त्याच्या जातीचं रसायन होतं.

(कोगनोळी. महामार्ग ४८. ट्रकांची रांग, संध्याकाळचा उजेड.)

ते तिकडचं, असं म्हणून चालत नाही. २०१८ मध्ये इंदूरला महसूल गुप्तचर खात्यानं सुमारे ९ किलो फेंटानिल पकडलं. तरी आपल्या देशात नशेसाठी जास्त चालतं ते गर्द, ट्रामाडोल-टॅपेंटाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीनचं कफ सिरप. एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार अफूवर्गीय नशेमुळे त्रासात असलेले लोक सुमारे ७७ लाख. नाव काहीही असो, माणूस मरतो एकाच रीतीनं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र सुस्तावतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि शरीराला धाप लागायची ती लागतच नाही.

(निपाणी. सभागृहात सतरंजी. त्यावर रबरी पुतळा, भोवती मंडळी.)

हा सराव बघा. पहिली गोष्ट ओळखण्याची. जीभ मागे पडते, घशात अडकत अडकत घरघर होते. घरचे म्हणतात, ‘घोरतोय, झोपू दे, सकाळी उतरेल.’ गोळ्यांची नशा जीव घ्यायला कधी कधी तासभर, त्याहूनही जास्त घेते. वाचवायला मिळणारा वेळ तोच, आणि तो चादर पांघरण्यात जातो.

मोठ्यानं हाक मारा. छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासा. शुद्धीवर येत नसेल तर मोबाइलच्या उजेडात डोळे बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. आता घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. बारापेक्षा कमी म्हणजे धोका. पण दहा-दहा सेकंद श्वासच नसेल तर मिनिट मोजत बसू नका. सावळ्या कातडीवर निळेपणा कळत नाही. खालचा ओठ उलटून बघा, नखं बघा, राखेसारखी दिसतात.

(एका बाईच्या हातात मोबाइल. स्पीकर चालू.)

१०८. फोन खाली ठेवायचा नाही, स्पीकरवर टाकायचा. सीमाभागात घाईच्या वेळी भाषा आडवी येते, म्हणून कानडीतली दोन वाक्यं पाठ असू द्या: ‘प्रज्ञे इल्ल’, शुद्ध नाही. ‘उसिराट निंतिदे’, श्वास थांबलाय. सुरुवात याच वाक्यांनी करा, नशेचं नंतर सांगा. पत्त्यात गल्लीच्या नावापेक्षा देऊळ, शाळा, बसस्टॉप लवकर सापडतो.

आणि आता श्वास. या फिल्ममधलं सगळ्यात कामाचं हेच, सुईपेक्षाही. डोक्याखालची उशी काढा. उशीनं मान पुढे वाकते आणि हवेची वाट बंद होते, घरोघरी होणारी पहिली चूक ही. तोंडातली गोळी, तंबाखू, कवळी काढा. कपाळ मागे, हनुवटी वर. नाक चिमटीत धरा. तोंडाला तोंड लावून दर ५-६ सेकंदांनी एक फुंकर, छाती उचललेली दिसेल एवढीच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. छाती हलली नाही तर मान पुन्हा नीट करा. श्वास नाही आणि नाडीही लागत नाही असं दिसलं, तर छातीवर ३० दाब आणि २ श्वास.

(टेबल. काचेचं अँप्युल, सिरिंज. फक्त हात दिसतात.)

हे नॅलोक्सोन, अफूवर्गीय नशेवरचा उतारा. एका मिलिलिटरात ०.४ मिलिग्रॅम. अँप्युलच्या मानेत अडकलेला थेंब टिचकीनं खाली आणा. कापसात धरून मान आपल्यापासून लांब मोडा; हाताकडे मोडली की बोट कापतं, आणि त्याच गडबडीत औषध सांडतं. सगळं ओढून घ्या. मांडीचा बाहेरचा भाग, मधोमध, सुई सरळ काटकोनात. पँटवरून टोचलं तरी चालतं. छोट्या बुडबुड्यासाठी थांबू नका, हे स्नायूत जातं.

पुढची दोन-तीन मिनिटं श्वास देणं चालूच. फरक नसेल तर दुसरं अँप्युल. दारू किंवा अल्प्राझोलाम (झोपेची गोळी) मिसळलं असेल तर त्यावर याचा उपाय चालत नाही, पण दिल्यानं नुकसानही नाही.

माणूस उठतो तो चिडून, ओकत, शिव्या देत. ‘बरा आहे, जा घरी’ इथेच फसतात. नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटांत उतरतं, नशा मागे राहते आणि श्वास पुन्हा बुडतो. कुशीवर झोपवा, दवाखान्यात न्याच.

कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, ताक, लिंबूपाणी, मिठाचं पाणी, डोक्यावर गार बादली: यातलं काहीही नको. बेशुद्धाच्या तोंडात ओतलेलं थेट फुप्फुसात जातं. कातडीला भुकटी लागली म्हणून मदत करणारा बेशुद्ध पडतो ही नुसती भीती. हात धुवा, पण बेशुद्धाला हात लावायला घाबरू नका.

(खानापूर तालुका. घराची पडवी. म्हातारीच्या पाठीवर पारदर्शक पट्टी.)

फेंटानिल या घरातही आहे, आणि योग्य कारणासाठी. कॅन्सरच्या दुखण्यावरची ही पट्टी ७२ तासांनी बदलतात. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध भराभर आत जातं, तापातही तेच. नवी लावताना जुनी काढायला विसरू नका. काढलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं, आणि ती अंगाला चिकटून लहान मुलं दगावली आहेत. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, परत दवाखान्यात द्या. कचऱ्यात नको. या पट्टीला नाव ठेवायला आम्ही आलेलो नाही. तिच्यावाचून म्हातारीला रात्र काढता येत नाही.

(हिंडलगा. कारागृहाचं दार, बाहेर थांबलेली माणसं.)

तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्यांना पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट. सवय मोडलेली असते, हात मात्र जुनाच डोस घेतो. एकटा असेल तर बघणारंही कुणी नसतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन मोफत आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे खटल्यातून सूट मिळू शकते.

(कणकुंबीचा रस्ता. पाऊस. मग दुकानातलं फडताळ.)

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं, की ओव्हरडोस जवळून बघण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्या हातात नॅलोक्सोन द्या. आपल्याकडे ते अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. जिथे रुग्णवाहिकेला घाट चढून यावं लागतं, तिथे ते मेडिकलमध्ये असून काय उपयोग? ते फडताळात हवं.

बिस्किटाचा डबा. दोन अँप्युल, २ मिलिलिटरच्या दोन सिरिंजा, कापूस. उन्हात ठेवायचा नाही. झाकणावर पेननं दोन गोष्टी लिहिल्यात: मुदत संपण्याची तारीख, आणि ‘उशी काढा’.