रॅमचं दुसरं किट जोडताना

मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट. दोनांत ८ जीबीच्या स्टिक बसलेल्या, दोन रिकामे. तसलंच आणखी एक किट, म्हणजे दोन स्टिकचा संच, आणलं की १६ चे ३२ जीबी होतील, हा हिशेब बरोबर आहे. अडचण येते ती वेगाची.

हे लेबल पाहा. डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग, सीएल१६ हे टायमिंग (रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते), आणि १.३५ व्होल्ट. हे आकडे एकाच किटमधल्या दोन स्टिकना मिळून दिलेले आहेत. दुसरं किट वेगळं तपासलेलं असतं. मॉडेल नंबर तोच असला, तरी आतल्या चिप एका खेपेला सॅमसंगच्या, दुसऱ्या खेपेला मायक्रॉनच्या असू शकतात. मग लेबलावरच्या टायमिंग जुळतात, पण न छापलेल्या दुय्यम टायमिंग जुळतीलच असं नाही.

शिवाय रॅम आणि प्रोसेसरमध्ये दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. चार स्टिक म्हणजे प्रत्येक चॅनेलवर दोन, आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर जास्त भार. डीडीआर५ या पुढच्या पिढीत हा फरक मोठा आहे. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला वेग दोन स्टिकना ५२००, तर चार स्टिकना फक्त ३६००. म्हणून डीडीआर५ असेल तर किट मिसळूच नका. जुनं काढून मोठ्या क्षमतेचं दोन स्टिकचं एकच किट घ्या.

डीडीआर४ मध्ये मात्र प्रयत्न करण्यासारखा आहे.

पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. आधी जुनं किट बाजूला ठेवून नवं एकटंच तपासा. बहुतेक बोर्डांवर दोन स्टिकची जागा म्हणजे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, ए२ आणि बी२ (ए, बी ही चॅनेलची नावं). नवं किट ठीक निघालं की जुनी जोडी ए२-बी२ मध्ये, नवी ए१-बी१ मध्ये. अशाने दोन्ही चॅनेलवर सारखीच क्षमता येते. एक किट ८-८ चं आणि दुसरं १६-१६ चं असलं तरी प्रत्येक चॅनेलला २४ जीबी मिळतात आणि ड्युअल चॅनेल पूर्ण चालतो.

आता बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (लेबलावरचा वेग आपोआप लावणारी सोय) बंद ठेवून मशीन सुरू करा. स्टिक २१३३ किंवा २६६६ अशा मूळ वेगावर चालतील. इथे सगळं स्थिर असेल, तरच एक्सएमपी चालू करा. बायोस अनेकदा एकाच किटचं प्रोफाइल चौघींना लावतो, म्हणून दोन्हींपैकी मंद किटचे आकडे हाताने भरा. मशीन उठलंच नाही, तर ३२०० वरून ३००० वर या, सीएल १८ करा, कमांड रेट (आज्ञा देताना कंट्रोलर किती ठोके घेतो ते) २टी ठेवा. व्होल्टेज लेबलाच्या पुढे नेऊ नका.

विंडोज उघडलं म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही. रॅमची चूक बऱ्याचदा गुपचूप होते: झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची सूचना, येतो, सेव्ह केलेला फोटो अर्धाच दिसतो. निळी स्क्रीन त्यामानाने बरी, निदान कळतं तरी. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाका आणि रात्रभर चार पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या, होऊ द्या. एक एररही चालणार नाही.

एरर आला, तर वेग एक पायरी खाली आणून पुन्हा चाचणी. मूळ वेगावरही आला, तर एकेक स्टिक एकटी ए२ मध्ये लावून तपासा. खराब असलेली तिथे सापडेल. चारही एकट्याने चालतात आणि एकत्र अडखळतात, तर नवं किट परत करा.