ग्वेनलियन: एका नावाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आज एका नावाबद्दल बोलायचंय. वेल्समधलं, मुलीचं नाव: ग्वेनलियन. 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, मंगल. 'लियन' म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. पण त्यातला 'ल' आपला नव्हे हं. 'ल' म्हणताना जीभ टेकते तिथेच ती टेकवून ठेवा, घशातून आवाज काढू नका, कडेनं नुसती हवा सोडा. करून पाहा! इंग्रज माणूस इथे हमखास अडखळतो. आपल्या 'ळ'चं तेच आहे. 'काळा'ला 'काला' म्हणणाऱ्या मुलांना आपण टोकत नाही, हे मला अजिबात पटत नाही. असो.

तर गोष्ट आहे १२८२ सालची. जून महिन्यात वेल्सचा राज्यकर्ता लिवेलिन याला मुलगी झाली. नाव ठेवलं ग्वेनलियन. बाळंतपणातच आई गेली. ११ डिसेंबरला वडील लढाईत मारले गेले. तान्ही पोर, पण राज्याची वारस. इंग्लंडच्या राजानं, पहिल्या एडवर्डनं, तिला पाळण्यातूनच उचललं आणि दूर इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये, सेम्प्रिंगहॅमच्या मठात ठेवलं. का? तर तिचं लग्न होऊ नये, तिला मूलबाळ होऊ नये. तिथे वेल्श बोलणारं कोण असणार? कागदोपत्री तिचं नाव 'वेंटलियान' झालं. ज्या नावानं आईबापांनी हाक मारायची, ते नाव नीट उच्चारणारं माणूसच आसपास नाही! चोपन्न वर्षं, श्रोतेहो. चोपन्न वर्षं ती त्याच मठात राहिली आणि १३३७ साली तिथेच वारली.

आपल्याकडे लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात ना? मला तो प्रकार कधीच आवडला नाही. मुलीला आईवडिलांनी दिलेलं नाव असू द्यावं.

या राजकन्येच्या आधीही एक ग्वेनलियन होऊन गेली. ११३६ साली दक्षिण वेल्समधल्या किडवेली गावाजवळ सैन्य घेऊन लढली आणि तिथेच मारली गेली. ते रान आजही तिच्या नावानं ओळखतात.

वेल्समध्ये आजही मुलींचं नाव ग्वेनलियन ठेवतात, घरात लाडानं 'ग्वेनो' म्हणतात. आणि मठातल्या त्या राजकन्येचं म्हणाल, तर तिच्या जन्मगावामागे उत्तर वेल्सचे डोंगर आहेत. त्यातल्या ९२६ मीटर उंच शिखराला २००९ साली तिचं नाव दिलं. वेंटलियान नव्हे. ग्वेनलियन.