भरतीला एक, सुकतीला एक

[दृश्य: सर्जेकोट, पहाट. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जातेय.]

या दोरीवर काकांची जागा ठरलेली. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर ती रिकामी राहू लागली. दोन हात ओढलं की धाप लागायची. खोकला त्याआधीपासूनचाच. विडीचा खोकला म्हणून घरच्यांनी सोडून दिला, मग टीबीच्या गोळ्याही झाल्या. शेवटी सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि बायोप्सीत नाव कळलं. फुप्फुसाचा कॅन्सर, स्मॉल सेल.

फुप्फुसाच्या सात-आठ कॅन्सरमागे एखादाच या जातीचा, आणि तोही बहुतेक वेळा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. पेशी भराभर वाढतात, रक्तातून लवकर इतर अवयवांत पसरतात, म्हणून नुसतं कापून सहसा भागत नाही. काकांची गाठ मात्र छातीच्या एकाच बाजूला, किरणांच्या एका चौकटीत मावेल एवढी. डॉक्टरांच्या भाषेत लिमिटेड स्टेज.

अशा वेळी केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. एकत्र म्हणजे एक संपलं की दुसरं असं नव्हे, त्याच दिवसांत. सिस्प्लाटिन आणि इटोपोसाईड, साधारण चार फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी. ही औषधं रक्तातून फिरत निसटलेल्या पेशींना गाठतात. पण केमोने विरलेली गाठ बरेचदा त्याच जागी पुन्हा डोकं काढते. तिच्यावर किरण सोडायचे, तेही पहिल्या-दुसऱ्या फेरीपासूनच. सिस्प्लाटिन पेशींच्या डीएनएला चिकटलेलं असतं, त्यामुळे किरणांनी केलेली मोडतोड त्यांना सहज सावरता येत नाही.

[दृश्य: कुडाळ स्टेशन, तुतारी एक्स्प्रेस. मग परळ.]

केमोला मालवणहून येऊन-जाऊन जमतं. रेडिएशनला नाही. सकाळी एक शेक, किमान सहा तासांनी दुसरा. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, एकूण तीस. (शेक म्हणतात सगळे, पण अंगाला ऊबसुद्धा लागत नाही.) सहा तासांत निरोगी पेशी बऱ्याच सावरतात. कॅन्सरला मात्र वाढायला पूर्ण दिवस मिळत नाही. काकांनी हिशेब आपल्या परीने लावला: "भरतीक एक, सुकतीक एक." सुकती म्हणजे ओहोटी.

१९९९ साली ४१७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो सगळ्यांनाच होती, किरणांचा एकूण डोसही तोच, ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). रोज एकदा घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी १६ टक्के हयात होते, दोनदा घेणाऱ्यांपैकी २६ टक्के. आकडे लहान आहेत, पण ते लपवून कुणाचं भलं होत नाही. पुढे रोज एकदा पण जास्त डोस, ६६ ग्रे, देऊन पाहिला. आयुर्मान जवळपास सारखंच आलं. त्यामुळे काही ठिकाणी तेही चालतं.

त्रास होतो तो गिळताना. अन्ननलिका छातीतूनच जाते, ती सोलवटते. "गळ्यात काटो अडकल्यासारखो वाटता," काका म्हणतात. तिरफळ घातलेला बांगडा बंद, सोलकढी बंद. धर्मशाळेच्या स्टोव्हवर काकी उकड्या तांदळाची पेज करतात, निववून थर्मासात भरतात. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या की ताप येण्याची भीती, म्हणून थर्मामीटर उशाशी.

अजून चार दिवस. मग केमोच्या उरलेल्या फेऱ्या. हा आजार पुढे मेंदूत शिरू शकतो, म्हणून आधीच डोक्याला शेक द्यायचा की एमआरआय करत लक्ष ठेवायचं, तेही ठरायचंय.

साडेतीन वाजले. नाव पुकारलं. काका उठतात आणि शर्टाचा खिसा चाचपतात. विडी सुटून दोन महिने झाले, हात अजून तिथेच जातो.