पळसखेड्याचे महानोर

(दृश्य: अजिंठ्याच्या डोंगराचा उतार. झुंजूमुंजू. पाखरांचे आवाज.)

अजिंठ्याची लेणी पाहिली की बहुतेक जण माघारी फिरतात. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याकडं कुणी मुद्दाम वळत नाही. अलीकडं मराठवाडा, पलीकडं खानदेश. बोलीत दोन्हीकडचं पाणी. १६ सप्टेंबर १९४२ ला नामदेव धोंडो महानोर इथं जन्मले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

मॅट्रिकनंतर ते जळगावला कॉलेजात गेले, आणि पहिल्याच वर्षानंतर शिक्षण सोडून शेतावर परतले.

(दृश्य: पेरणी. काळी माती, वर भरून आलेलं आभाळ.)

१९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या. मराठी कवितेत पाऊस काही कमी नव्हता. पण खानदेशच्या बहिणाबाईंसारखे अपवाद सोडले, तर तो बराचसा खिडकीतून पाहिलेला. महानोरांच्या कवितेतला माणूस खिडकीत बसलेला नाही; त्याचं बी मातीत पडलंय. ढग आले की तो हरखतो, आणि पोटात गोळाही येतो.

दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘जैत रे जैत’ आला. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी महानोरांची. गोष्ट सह्याद्रीतल्या ठाकरांची, म्हणजे महानोरांच्या मुलखापासून कितीतरी लांबची. तरी ‘नभ उतरू आलं’ ऐकताना कुठं उपरं वाटत नाही. त्यातला ‘झिम्माड’ घ्या. अर्थ विचारला तर सांगता येत नाही, पण आशाबाईंच्या आवाजात तो आला की अंग भिजतं. आणि ‘ओलं’ नव्हे, ‘वलं’! शुद्धलेखनवाल्यांनी तो ‘व’ खोडला असता, तर निम्मा पाऊस तिथंच आटला असता.

(दृश्य: बांध, विहीर, फळबाग.)

१९७८ मध्ये राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं. कवीला आमदार करतात ते शोभेला, असं आपण धरूनच चालतो. हे गृहस्थ मात्र तिथं शेतीवर, पाण्यावर बोलत राहिले. बोलायचा अधिकारही होता, कारण घरी परतल्यावर हातात खुरपं असायचं. सीताफळावर तर त्यांचा भारी जीव. आपल्या बागेतल्या सीताफळाला त्यांनी लतादीदींवरून नाव दिलं, ‘लताफळ’.

१९९१ ला पद्मश्री. २००० मध्ये साहित्य अकादमी, ‘पानझड’साठी. हिरव्या बहराचा हा कवी उतारवयात गळणाऱ्या पानांपाशी येऊन थांबला होता.

(दृश्य: पाऊस. सीताफळाची फांदी, जवळून.)

३ ऑगस्ट २०२३ ला पुण्यात महानोर गेले. अधिक श्रावण चालू होता. या दिवसांत सीताफळं झाडावर हिरवी, घट्ट असतात. त्यांचे डोळे उघडायला अजून दोनेक महिने लागतात.