टोपणाचं माप

(पडदा काळा. हौदात कळशी बुडल्याचा आवाज. मग हात, बाटली, टोपण.)

हे टोपण नीट बघा. प्लॅस्टिकचं आहे, कडेला चिरलंय. परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात, या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, औषधाचं माप म्हणून हेच चालतं. पंधरा लिटरच्या फवारणी पंपाला दोन टोपणं. आभाळ दाटलं असेल, माव्याची कीड वाढली असेल तर अडीच. अडीच म्हणजे किती मिलिलिटर, असं आम्ही विचारलं. फवारणी करणारे मामा हसले. "अडीच म्हंजे अडीच की."

औषध हा शब्दही ऐकून ठेवा. कापूसपट्ट्यात विष कुणी फवारत नाही, सगळे औषध मारतात. बाजारातल्या दुकानाच्या पाटीवर ओळीनं लिहिलंय: खते, बी-बियाणे, औषधे. दोन दुकानं सोडून मेडिकल. त्या पाटीवरही औषधेच.

(मिसळणीचं दृश्य. तीन मिनिटांचं आहे, फार कापू नये. निवेदन सावकाश.)

कळशीनं पाणी बादलीत. वरून टोपण. पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं होतं. ढवळायला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी लागते. आज काडी हाताशी नव्हती, म्हणून हात. कोपराच्या खाली चार बोटं कोरडी राहिली, बाकी सगळा हात बादलीत. मग जुन्या धोतराच्या चिंधीतून गाळून पंपात. चिंधी पिळायची, पुढच्या पंपासाठी कुडाला अडकवायची.

पहिला पंप.

तिसऱ्या पंपाला नोझल अडकलं. मामांनी ते काढलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. मागून "ओ मामा!" असं जे ऐकू येतं, तो आमचा कॅमेरावाला. तो आवाज आम्ही मुद्दाम ठेवलाय.

(आखाड्याची आतली बाजू. रिकाम्या बाटल्या.)

टोपण मूळचं या बाटलीचं. कागद फाटलाय, तरी चौकट शाबूत आहे: वर कवटी, खाली लाल त्रिकोण. लाल म्हणजे अतिजहाल. पिवळा त्याच्याखालचा, मग निळा, मग हिरवा. ही उतरंड या शेतातल्या कुणाला ठाऊक नव्हती. हिरवा रंग चांगला, एवढंच एकजण म्हणाला, आणि तो पिकाबद्दल बोलत होता.

बाटली मोनोक्रोटोफॉसची. गावात नुसतं मोनो. 1965 च्या सुमारास हे रसायन जगाच्या बाजारात आलं. आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानावर पडलं की झाडाच्या रसात मुरतं, आणि तो रस पिणारी कीड मरते. स्वस्त होतं. वर मामांचं म्हणणं असं, की मोनो मारलं की पऱ्हाटी चार दिवसांत काळीभोर, म्हणजे गर्द हिरवी, दिसायची. शेजारच्याची पऱ्हाटी काळीभोर दिसली की आपल्याला झोप लागत नाही, हेही मामांनीच सांगितलं.

मरतं कसं, ते थोडक्यात. मज्जातंतूतून निरोप गेला की तो पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. मोनो त्या विकरालाच बांधून टाकतं. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू थांबायचं विसरतात. माव्यात हे विकर आहे, माणसातही आहे. फरक मापाचा, आणि माप म्हणजे हे टोपण.

(शिवार, वरून. बगळे.)

2002 साली बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस, आला, तेव्हा फवारण्या कमी होतील असं सांगितलं गेलं. काही वर्षं झाल्याही. पण बीटी बोंडअळीसाठी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही मंडळी रस शोषणारी, त्यांना बीटीचं सोयरसुतक नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनंही बीटीला जुमानलं नाही, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले.

त्याच हंगामात पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हातात जोरदार मोटारीचे पंप, फवारा सरळ तोंडावर.

आता कायदा. हा भाग रुक्ष आहे, पण आमच्या मते खरी गोष्ट इथंच अडलीय. कीटकनाशक कायदा 1968 चा. त्याच्या कलम 27 नुसार राज्य सरकार एखादं कीटकनाशक थांबवू शकतं ते 60 दिवस, चौकशी लांबली तर आणखी 30. पुढचा अधिकार दिल्लीचा. यवतमाळनंतर राज्यानं पाच कीडनाशकं 60 दिवसांसाठी थांबवली, तीही पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांपुरती. पैनगंगेच्या या काठाला, नांदेड-हिंगोलीला, तो आदेश लागू नव्हता. मावा मात्र नदी ओलांडतो.

(जुने कागद, तारखा पडद्यावर.)

दिल्लीची चाल बघा. मोनोची नोंदणी अमेरिकेतून 1988 सालीच गेली होती. श्रीलंकेनं 1995 साली ते थांबवलं. 1995-96 च्या हंगामात अर्जेंटिनात टोळ-नाकतोडे मारायला ते वापरलं, तर ते किडे खाऊन हजारो शिकारी पक्षी शेतातच पडले. आपल्याकडे 2005 साली बंदी आली ती भाजीपाल्यापुरती. कापसाला मोकळीक. आणि ज्या आखाड्यावर कापसासाठी बाटली आहे, तिथं बांधावरच्या भेंडीला वेगळी बाटली कोण आणणार? 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या मोनोवर स्वतंत्र अहवाल काढला. 2013 च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनो गेलं, 23 मुलं दगावली. त्याच वर्षी 66 कीडनाशकांच्या फेरतपासणीसाठी समिती नेमली. 2020 मध्ये 27 नावांच्या बंदीचा मसुदा निघाला. 2023 च्या सप्टेंबरअखेर अंतिम आदेश आला, तेव्हा पूर्ण बंदीच्या यादीत त्यातली मोजकीच उरली होती. त्यात मोनोचं 36 टक्क्यांचं द्रावण होतं, आणि त्यालाही साठा संपवायला वर्षभराची मुदत.

(पुन्हा शेत. दुपार. मामांचा भिजलेला सदरा.)

बंदी कशाला, नीट वापरायला शिकवा, असं कृषी मेळाव्यात हमखास ऐकायला मिळतं. बाटलीसोबतच्या कागदावर सगळं असतंच: हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. अक्षरं एवढी बारीक, की आमच्या कॅमेऱ्याला वेगळी लेन्स लावावी लागली. मग आम्ही एक संच विकत आणून मामांना घालायला दिला. भादव्यातलं ऊन, खाली ओल, पाठीवर भरलेला पंप. एक ओळ पुरी झाली. दुसऱ्या ओळीच्या निम्म्यात त्यांनी मास्क गळ्यात ओढला, चष्मा वाफेनं आंधळा झाला म्हणून खिशात टाकला. हातमोजे पुढच्या पंपाला काढले, कारण त्यात टोपण धरता येत नव्हतं. मामा हट्टी नाहीत. कुणालाही ते जमणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची कीडनाशकांसाठी आचारसंहिता आहे, तीही हेच सांगते: जे रसायन हाताळायला त्रासाचे, महाग किंवा सहज न मिळणारे संरक्षक कपडे लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हाती देणं टाळा. श्रीलंकेत अशी रसायनं बाजारातून काढल्यानंतरच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि भाताचं पीक काही घटलं नाही.

मोनो गेलं. पॅराक्वाट तणनाशक अजून आहे. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे. पोटात गेलं तर त्याला उतारा नाही.

(संध्याकाळ. मामी कपडे धुताना. इथे निवेदन नको. सदरा, त्याच पाण्यात शाळेचा गणवेश, मामींचे हात. मामी बोलतात ते पूर्ण ठेवावं. खाली संगीत नको.)

(दुसरी सकाळ. आखाडा.)

आज बाटली दुसरी आहे, पिवळ्या त्रिकोणाची. हिच्यासोबत मापाचा छोटा पेला आला होता. नातवानं खेळायला नेला. मामा कुडावरची चिंधी काढतात, हात पुसतात, खिशातून टोपण काढतात.

"वारं पडलंय," मामा म्हणतात. "व्हा बाजूला, अंगावर उडंल."

(मोटार सुरू. फवाऱ्याचा आवाज. श्रेयनामावली.)