दोन कानांमधला आकडा

नमस्कार. सुरुवातीलाच हे घड्याळ हातोहात फिरवतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. १९६०च्या दशकातलं रोलेक्स आहे. माझं नाही, एका स्नेह्यांनी आजच्यापुरतं विश्वासाने दिलंय. पट्टा मी घरूनच काढून आणलाय. केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीला, पट्टा जिथे अडकतो ते चार कान बघा. बाराच्या बाजूच्या दोन कानांच्या मध्ये, केसच्या कडेवर, एक आकडा कोरलाय. तो मॉडेलचा. आता घड्याळ फिरवा. सहाच्या बाजूला दुसरा आकडा आहे. तो फक्त या एका घड्याळाचा. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या आकड्याबद्दल.

मी घड्याळं उघडायला लागलो त्याला तीसेक वर्षं झाली. आधी वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून, मग स्वतःच्या टेबलावर. हल्ली लोक घड्याळ दाखवायच्या आधी फोन दाखवतात: 'नंबर टाकला, १९६५ आलं.' मी विचारतो, नंबर कशावरचा? केसवरचा की मशीनवरचा? बहुतेकांना हे दोन वेगळे असतात हेच माहीत नसतं. हा आकडा म्हणजे कुठल्यातरी वहीतल्या एका ओळीची खूण आहे. ती वही कोणाकडे आहे, त्या ओळीत नेमकं काय लिहिलंय आणि हातातलं बाकीचं घड्याळ त्याच ओळीतलं आहे का, एवढं कळल्याशिवाय साल सांगायची घाई करू नये.

वहीचं उत्तम उदाहरण लाँजिन्सचं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिए गावात या कंपनीने १८६७पासूनच्या हस्तलिखित वह्या सांभाळून ठेवल्या आहेत. शाईने ओढलेल्या ओळी, प्रत्येक ओळीत मशीनचा क्रमांक, घड्याळ कसलं होतं, कोणत्या तारखेला कोणाच्या नावे बिल झालं. कंपनीला लिहून मशीनचा क्रमांक आणि फोटो पाठवले, की तिथली माणसं ती ओळ शोधून कळवतात. दीडशे वर्षांपूर्वी कारकुनाने केलेली नोंद आज आपल्या घरातल्या घड्याळाशी जुळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

माझ्याकडे एक गृहस्थ आजोबांचं लाँजिन्स घेऊन आले होते. घरात सगळे त्याला 'महायुद्धातलं घड्याळ' म्हणत. आजोबा सैन्यात होते, १९४२ साली परदेशात असताना त्यांनी ते घेतलं, अशी गोष्ट. मशीन उघडलं, क्रमांक उतरवला, त्यांनी कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं: बिल १९४९ सालचं, भारतातल्या एजंटाच्या नावे. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या आईने आठवण काढली, की आजोबांचं युद्धातलं घड्याळ चोरीला गेलं होतं आणि हे त्यांनी घरी परतल्यावर काही वर्षांनी, मुलीच्या लग्नाच्या सुमारास, मुंबईत घेतलं होतं. ते लग्न १९५२चं. मधली तीन वर्षं घड्याळ दुकानाच्या कपाटात होतं, आणि त्यात वावगं काहीच नाही. वहीतली तारीख कारखान्यातून बाहेर पडल्याची असते, मनगटावर चढल्याची नसते. महागडी घड्याळं वर्षानुवर्षं दुकानात पडून राहत. म्हणून पावती आणि क्रमांक यांच्यात दोन-चार वर्षांचं अंतर दिसलं, तर लगेच विकणाऱ्यावर संशय घेऊ नका.

आता या रोलेक्सकडे येऊ. इथे अडचण अशी, की रोलेक्स आपली वही बाहेर दाखवत नाही. बाजारात फिरणारे सगळे तक्ते संग्राहकांनी जुन्या पावत्या आणि वॉरंटीचे कागद जुळवून, झाकणाच्या आतले शिक्के पाहून बनवले आहेत. मोलाचं काम आहे, मीही रोज वापरतो. पण दोन तक्त्यांत एखाद्या वर्षाचा फरक सर्रास पडतो, आणि काही ठिकाणी तर मोठा चकवा आहे. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात, साधारण १९५३-५४मध्ये, हे क्रमांक दहा लाखांच्या उंबरठ्यावर पोचले आणि कंपनीने पुन्हा लहान आकड्यांपासून सुरुवात केली. त्यामुळे सव्वातीन लाखांच्या आसपासचा क्रमांक १९४५च्या सुमाराचाही असू शकतो आणि १९५८चाही. तेरा वर्षांचा फरक! अशा वेळी झाकण उघडायचं. त्या काळात रोलेक्स बऱ्याच झाकणांच्या आत रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे सालाचे दोन अंक ठोकत असे. रोमन चार आणि ५७ दिसलं, की १९५७ची शेवटची तिमाही. निदान ते झाकण तरी तेव्हाचं.

पुढे १९६०च्या दशकात आकडा सात अंकी झाला, तो १९८७पर्यंत वाढत गेला. एक कोटी जवळ आलं तेव्हा पुढे अक्षर लावायची पद्धत आली. पहिली अक्षरं आर, एल, ई, एक्स. कंपनीच्या नावातला ओ तेवढा गाळला, शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून असणार. ही चार अक्षरं १९८७ ते १९९१च्या दरम्यानची. त्यानंतरची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत: पी म्हणजे साधारण २०००, के २००१, वाय २००२. एका सालात दोन अक्षरं आणि एक अक्षर दोन सालांत, असंही होतं. २००५च्या सुमाराला क्रमांक काचेखाली, डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर सहाच्या जागी येऊ लागला, आणि काही वर्षांत कानांमधला बंदच झाला. २०१०च्या आसपास तर क्रमच मोडला. आता अक्षरं आणि अंक सरमिसळ असतात, त्यावरून बाहेरच्या माणसाला साल काढता येत नाही. नव्या रोलेक्सचा नंबर पाहून कोणी छातीठोकपणे साल सांगितलं, तर ते मनाने सांगितलेलं आहे असं समजा.

ओमेगा आणि पाटेक फिलीप या स्विस कंपन्यांकडे मशीनचा क्रमांक मुख्य. पाटेकच्या घड्याळात मशीनचा एक आणि केसचा वेगळा, असे दोन क्रमांक असतात आणि कंपनीच्या दप्तरात ते जोडीने नोंदलेले असतात. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकी बँकरसाठी बनवलेलं, १९३३ साली त्यांना दिलेलं खिशातलं घड्याळ बघा: मशीन १९८३८५, केस ४१६७६९. २०१४ साली जिनिव्हातल्या लिलावात ते २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकना गेलं. एवढ्या मोठ्या घड्याळाच्या ओळखीतही या साध्या दोन आकड्यांची जोडी आधी तपासली जाते. जोडी फुटलेली असेल, म्हणजे एकाचं मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये असेल, तर ते लगेच उघड होतं.

म्हणूनच माझा आग्रह असतो, की आकड्याला साक्षीदार शोधा. ओमेगाच्या मशीनवर अडीच कोटींच्या आसपासचा क्रमांक असेल, तर ते १९६७च्या सुमाराचं. आता समजा, ते ओमेगाचंच स्पीडमास्टर हे मॉडेल आहे आणि झाकणावर 'चंद्रावर घातलेलं पहिलं घड्याळ' अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९मध्ये. १९६७च्या झाकणावर ती ओळ येईल कुठून? झाकण नंतर बदललंय. त्यात लबाडीच असेल असं नाही, सर्व्हिसिंगमध्येही बदललं जातं, पण किंमत त्याप्रमाणे ठरायला हवी.

डायल हा दुसरा साक्षीदार, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका. सहाच्या आकड्याखाली, अगदी काठाला, बारीक अक्षरं असतात. अंधारात चमकण्यासाठी पूर्वी रेडियम वापरत. १९६०च्या दशकात ते मागे पडलं आणि ट्रिटियम आलं. मग 'स्विस'च्या जोडीला इंग्रजी टी हे अक्षर दिसू लागलं. १९९८च्या सुमाराला ट्रिटियम गेलं, टी गेला, आणि थोड्याच काळात रोलेक्सच्या डायलवर 'स्विस मेड' आलं. रोलेक्सच्या केसचा क्रमांक १९६५चा, डायलवर 'स्विस मेड' आणि ठिपके हिरवेगार चमकतायत? डायल बदललेली आहे. खरं ट्रिटियम दर १२ वर्षांनी निम्मं होत जातं, इतक्या वर्षांनंतर ते चमकणार नाही. रेडियमचं मात्र उलटं. त्याची चमक मरते, किरणोत्सर्ग तसाच राहतो, निम्मा व्हायला १,६०० वर्षं लागतात. जुन्या डायलवरचे ते पिवळट ठिपके घरी सुईने खरवडू नका. त्याची पूड श्वासात जाणं धोक्याचं आहे. हे हात जोडून सांगतो.

डायलचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शहराच्या नावाने जगभर फिरणारा एक शब्द सांगतो: 'मुंबई स्पेशल'. जुन्या घड्याळावर नवी रंगवलेली डायल, इकडचे काटे, तिकडचं मशीन, आणि 'विंटेज' म्हणून परदेशात विक्री. संग्राहकांनी त्याला हे नाव दिलं. मला ते लागतं. डायल रंगवणारे कारागीर मी जवळून पाहिलेत, एका केसाच्या ब्रशने अक्षरं काढणारा हात साधा नसतो. गिऱ्हाईक स्वतः 'डायल नवी करून द्या' म्हणून यायचं, तेव्हा ती गरजेची विद्या होती. पण रंगवलेली डायल मूळची म्हणून विकली, की त्याच विद्येचं खोटं होतं. आणि अशा घड्याळात मशीनचा क्रमांक बहुतेक वेळा अगदी अस्सल असतो! नंबर टाकून समाधान मानणारा माणूस तिथेच फसतो.

हे फक्त स्वस्त घड्याळांत होतं असंही समजू नका. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७च्या घडणीचं एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून जास्त स्विस फ्रँकना विकलं गेलं. घेणारी खुद्द ओमेगाच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३मध्ये कंपनीने जाहीर केलं, की ते बहुतांशी अस्सल ओमेगा भाग एकत्र करून जुळवलेलं घड्याळ आहे, आणि त्यात कंपनीच्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. विचार करा, वही ज्यांच्या कपाटात, तेच फसले. सुटे भाग खरे, जुळणी खोटी.

सोन्याच्या केससाठी एक वेगळी सोय आहे. ओमेगाची इंग्लंडमध्ये विकली गेलेली बरीच घड्याळं बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीच्या केसमध्ये बसवलेली असत. त्यावर तिथल्या तपासणी कार्यालयाची खूण असलेला जहाजाचा नांगर आणि शेजारी सालाचं अक्षर ठोकलेलं असतं. दरवर्षी अक्षर बदलायचं, आणि अक्षरांची एक फेरी संपली की अक्षराची घडणही. हा कायद्याने बांधलेला शिक्का आहे, त्यामुळे सालाच्या बाबतीत मी तो संग्राहकांच्या तक्त्यापेक्षा वरचा मानतो. इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकांनी दिलेलं घड्याळ घरात असेल, तर भिंगाने झाकणाच्या आत जरूर बघा.

चोरीच्या घड्याळांत हाच आकडा आधाराला येतो. पोलिसांत तक्रार देताना 'सोनेरी डायलचं रोलेक्स' एवढ्यावर काही हाती लागत नाही. आज घरी गेल्यावर केसचा आणि माहीत असेल तर मशीनचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. मात्र विक्रीच्या जाहिरातीत तो पूर्ण दिसू देऊ नका. नक्कल करणारे खऱ्या घड्याळांचे क्रमांक उचलून खोट्यांवर कोरतात, एकच खरा क्रमांक कितीतरी नकलांवर सापडतो. कोरणी भिंगाखाली पाहिली तर फरक कळतो. जुन्या रोलेक्सची रेघ खोल, धारदार, उजेडात चमकणारी. नकलेत पुष्कळदा ॲसिडने खाल्ल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची, उथळ.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: 'वडिलांच्या घड्याळाचा कानांमधला आकडा घासून गेलाय, दुकानदार पुन्हा कोरून देतो म्हणतो, करावं का?' अजिबात करू नका. पट्ट्याचं टोक वर्षानुवर्षं घासतं, त्यात आपल्याकडचा घाम आणि दमट हवा, आकडा झिजणारच. झिजलेल्या आकड्याचं घड्याळ ओळखता येतं. पुन्हा कोरलेल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. मऊ ब्रश आणि साबणाच्या थेंबभर पाण्याने ती जागा साफ करायची, चावी नीट बंद आहे ना ते बघून. मग टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढायचे, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सातातले चार-पाच अंक बहुतेक वेळा सावलीत उमटतात. उरलेल्यासाठी झाकण उघडून आतला शिक्का पाहावा लागेल. ते घेऊन या, मी भिंग सोबत आणलंय.